चावतो

सॅम्पल फ्लॅटच्या डायनिंग टेबलावर
प्लास्टिकची चार सफरचंदं आहेत.
एकावर दातांच्या खुणा.
सेल्सच्या मॅडमनी ती बाजू भिंतीकडे वळवून ठेवलीय.
दात कुणाचे, कुणी विचारलं नाही.

उंड्रीत आठ मजले उभे राहिलेत,
मागे पत्र्याच्या सोळा खोल्या.
दर मंगळवारी मी काटा खांद्याला लावून येते.
टांगायला झाड नाही,
म्हणून परांचीच्या बांबूला अडकवते,
मुलाला झोळीत घालते
आणि आकडा थांबायची वाट बघते.

मल्लेश. सोळा महिने. सहा किलो दोनशे.
आकडा हलत होता. मूल हलत नव्हतं.
दंडाला पट्टी गुंडाळली: लाल.
हिरव्यापासून दीड सेंटीमीटर लांब,
माझ्या करंगळीच्या नखाहून थोडं जास्त.

यंकम्मा म्हणाली, शहाणा आहे,
त्रास देत नाही, रडतसुद्धा नाही.
कौतुकानं सांगत होती.
माझं कन्नड ‘ऊटा’पाशी सुरू होतं
आणि ‘ऊटा’पाशीच संपतं.
तिला कसं सांगू, बाई, हा शहाणपणा नव्हे,
रडायलाही अंगात काहीतरी लागतं.

पाकीट दिलं.
पुढच्या मंगळवारी पाकीट संपलेलं, वजन तेवढंच.
मी चिडले. रजिस्टर आपटलंसुद्धा.
मग चुलीपाशी नजर गेली.
तिथं आणखी तिघं,
आणि थोरली भीमव्वा, असेल सहा वर्षांची,
पातेल्यातून वाटे करत होती,
चमचा चमचा, काठाशी निपटून,
कुणाला कणभर जास्त नाही.
इतका न्याय मी आमच्या प्रकल्प कार्यालयात पाहिलेला नाही.

सरकार नावाला पाकीट देतं.
घर नावानं जेवत नाही.

मुकादमाकडे गेले. म्हटलं, पैसे नकोत,
अकरा वाजता तिला वीस मिनिटं सोडा,
मांडीवर घेऊन भरवू दे.
वीस मिनिटं म्हणजे किती विटा, ते त्यानं मला सांगितलं.
वीस मिनिटं म्हणजे किती ग्रॅम, ते मी त्याला सांगितलं.
दोघांचेही हिशेब बरोबर होते.
दोन दिवसांनी तो हो म्हणाला. का, ते बोलला नाही.

दाण्याचा कूट, गूळ, दूधपावडर, वर तेलाची धार.
भीमव्वाला वेगळं अंडं, नाहीतर ती वाटे करायची थांबेना.
एक आठवडा पन्नास ग्रॅम वर,
पुढच्या आठवड्यात जुलाब, सगळं खाली.
टँकरच्या पाण्याला मी काय करणार होते?
पाणी उकळा म्हटलं. सरपण कुठून आणायचं,
ते यंकम्मानं खुणेनंच विचारलं.
सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे जळतात, धूर फार होतो.

पाचव्या मंगळवारी चमचा पुढे केला
तर त्यानं चमचा सोडून माझं बोट धरलं तोंडात.
चावला.
वर दोन, खाली दोन.
मी हात मागे घेतला, त्याबरोबर चमचाही गेला,
आणि काय भोकाड पसरलं त्यानं!
वर गॅलरीत फ्लॅट बघायला आलेलं जोडपं थबकलं.
यंकम्मा ओशाळून त्याला गप्प करायला धावली.
मी म्हटलं, राहू दे. अगं राहू दे. रडू दे.
हे मराठीतच म्हटलं, तरी ती थांबली.

दसऱ्यानंतर काम संपलं, टेम्पो आला.
पट्टी तेव्हा पिवळ्यावर होती.
पिवळ्याचं काही सांगता येत नाही.
मोबाईलमध्ये ‘स्थलांतरित’ असा एक पर्याय असतो,
तो दाबला की नाव यादीतून खाली जातं.
मी तीन दिवस दाबला नाही.

कुणी म्हणे रावेत, कुणी म्हणे मोशी.
दोन्हीकडच्या बाईंना फोन लावला.
मोशीच्या बाई घाईत होत्या, मागे मुलांचा कालवा.
म्हणाल्या, इथं रोज दहा नवी येतात हो,
कार्ड नसेल तर ओळखू कसं?
काही खूण सांगा.

मी म्हटलं, चावतो.